उजवा कोपरा, उजवी कूस

फाईलच्या तिसऱ्या पानावर, 'व्यवसाय' या रकान्यापुढे, माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'कबड्डी खेळत होता'. तारीख ऑक्टोबर 2021 मधली. ज्याच्याबद्दल हे लिहिलं तो तेव्हा टेबलापलीकडे बसला होता, आणि त्याच्या पायाशी ठेवलेल्या सॅकमध्ये मॅटचे बूट आणि नी-कॅप होत्या. हे मला सव्वा वर्षाने कळलं.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात अवयव प्रत्यारोपण समन्वयक आहे. माहेर दापोलीचं, त्यामुळे कोकणातला रुग्ण आला की "तुझ्या गावचा आहे" म्हणून फाईल माझ्याकडे सरकते. हा गुहागर तालुक्यातला, वय 25. ओळख पटू नये म्हणून नाव आणि गाव देत नाही, काही तपशीलही बदललेत. प्रकरण लिहून काढायचं ते त्याच्या किडनीसाठी नाही. वैद्यकीयदृष्ट्या ते फारसं वेगळं नाही, असे रुग्ण आमच्याकडे दर महिन्याला येतात. लिहायचं ते आमच्याकडून जे सांगायचं राहिलं त्यासाठी.

आधीचं

बाप चाकरमानी, मुंबईत गोदामात. आई गावी, भातशेती करून काजूच्या कारखान्यात जाणारी. आमच्या भागात भात कापून झालं की रिकाम्या मळ्यांत मैदानं आखली जातात आणि शिमग्यापर्यंत, कधी मे महिन्यापर्यंत, हॅलोजनच्या उजेडात सामने चालतात. तिथे मातीत घडलेला पोरगा विसाव्या वर्षी मुंबईत एका कंपनीच्या संघात गेला. व्यावसायिक गट, वर्षाचा करार, महिन्याला ठरावीक मानधन, आणि दोन हंगाम चांगले गेले तर कायम नोकरीचं तोंडी आश्वासन. बचाव करताना उजव्या कोपऱ्यावर, म्हणजे फळीच्या उजव्या टोकाला, उभा राहायचा. घोट्याची पकड ही त्याची खासियत. म्हणजे चढाईपटू बोनससाठी, जादा गुणासाठी, रेषेपलीकडे पाय टाकतो त्या क्षणी पोटावर झेप घ्यायची आणि दोन्ही हातांनी घोटा धरून ठेवायचा. वरून पकडणाऱ्याचं आणि पकडल्या गेलेल्याचं, सगळ्यांचं वजन अंगावर येतं. ही झेप लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नोव्हेंबर 2019 मध्ये कराराच्या नूतनीकरणाआधी त्याची तपासणी झाली. रक्तदाब 150/96. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी दुबळी झाली की रक्तात वाढतो तो कचरा, 1.6. रक्तदाब 'घाबरलाय' म्हणून सोडून दिला. क्रिएटिनिनबद्दल सांगण्यात आलं की खेळाडूंचं थोडं जास्त असतंच. यात तथ्य आहे, क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं आणि पिळदार माणसात ते चार-दोन दशांश वर असू शकतं. म्हणूनच अशा वेळी लघवीतली प्रथिनं बघायची असतात. साधी पट्टी बुडवून दोन मिनिटांत कळतं. ती पट्टी कुणी बुडवली नाही.

लघवीला फेस येत होता, हे त्याने पुढे सांगितलं. त्याला वाटलं, प्रोटीनच्या पावडरीमुळे असेल. पायावर सूज यायची ती बुटांमुळे. वजन वाढायला लागलं. पुरुष गटाची मर्यादा 85 किलो, हा 84 च्या आसपास. अंगात साठणारं पाणी त्याने चरबी समजून उतरवायला घेतलं: जाड जॅकेट घालून दुपारचं पळायचं, वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद. सामन्याआधी गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी. आधीच दुखावलेल्या किडनीला याहून वाईट काही देता आलं नसतं. पण हे मूळ कारण होतं असं म्हणता येत नाही. गावात मात्र प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कुणी पावडरीला बोल लावला, कुणी बोअरच्या पाण्याला, कुणी नजरेला.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तो गावी आला. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. घराची कौलं उडाली ती चढवताना तो तीनदा खाली उतरून बसला. "घरी बसून अंग जड झालंय" म्हणून सगळे हसले, तोही हसला. जानेवारी 2021 मध्ये उलट्या थांबेनात आणि आडवं झाल्यावर श्वास पुरेना, तेव्हा त्याला चिपळूणला नेलं. क्रिएटिनिन 11.8, हिमोग्लोबिन 6.4, पोटॅशियम 6.3. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या साडेसात सेंटिमीटरच्या आत. मोठ्या माणसाची किडनी साधारण नऊ ते बारा सेंटिमीटर असते. इतक्या आकसलेल्या किडनीचा तुकडा काढून तपासण्यात अर्थ नसतो, सगळीकडे व्रणच सापडतात. त्यामुळे मूळ आजार कुठला हा रकाना फाईलमध्ये कायमचा कोरा आहे. तरुण माणूस, फेसाळ लघवी, रक्तदाब, यावरून किडनीच्या गाळण्यांचा जुना दाह असावा, एवढंच म्हणता येतं.

डायलिसिसवरचा खेळाडू

आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चिपळूण. डाव्या हातावर फिस्टुला केला, म्हणजे मनगटाजवळ धमनी शिरेला जोडली. बोट ठेवलं की तिथे मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. दिवसाला पाणी एक लिटरच्या आत. शहाळं बंद, कारण पोटॅशियम. सुकी मासळी बंद, कारण मीठ. आंबा एखादी फोड. करमळ तर पूर्ण वर्ज्य. बाजारात ज्याला स्टारफ्रूट म्हणतात ते हे फळ आपल्याकडे आमटीत सहज पडतं, पण किडनी गेलेल्या माणसाच्या मेंदूवर त्याचा विषासारखा परिणाम होऊ शकतो. कोकणातल्या माणसाकडून शहाळं, सुकट आणि आंबा काढून घेतल्यावर ताटात काय उरतं, ते ज्याचं त्यालाच विचारावं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं. त्याचं बुधवारचं डायलिसिस झालं होतं, शुक्रवारचं गेलं. महामार्गावरचा वाशिष्ठीचा पूल खचलेला. शेवटी रविवारी एका नातेवाईकाच्या टेम्पोतून आबलोली, भातगावचा पूल, जाकादेवी असं करत रत्नागिरी गाठली. चार दिवसांत सव्वासहा किलो पाणी अंगात. वाटेत टेम्पोवाल्याच्या मोबाइलवर टोकियो ऑलिंपिकचे सामने चालू होते. हा प्रसंग त्याने मला तीन वेळा सांगितला आणि तिन्ही वेळा पुराबद्दल कमी आणि ऑलिंपिकबद्दल जास्त बोलला. मी तेव्हाही काही टिपलं नाही.

आमच्याकडे आला तो ऑक्टोबरमध्ये. बापाला मधुमेह, म्हणून तो दाता म्हणून बाद. आईचं वय 49, रक्तगट ओ, दोन्ही किडन्या उत्तम. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यात आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको हे जवळचे नातेवाईक, 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. त्यामुळे परवानगीला अडचण नव्हती. पैशांची होती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाला तेव्हा अडीच लाखांची मर्यादा होती (2023 मध्ये ती साडेचार लाख झाली). वरचं गावच्या मुंबईकर मंडळाने वर्गणीने उभं केलं. त्यासाठी एक कबड्डी स्पर्धाही भरवली. उद्घाटनाला त्याला बोलावलं, तर हा फिस्टुलावर कोपराचं गार्ड चढवून दोन मिनिटं कोपऱ्यावर उभा राहिला! फोटो पाहून मी फोनवर ओरडले. फिस्टुला फुटला असता तर काय, हे सांगितलं. तो उभा का राहिला, हे विचारलं नाही.

त्याने विचारलेले प्रश्न आता एकापुढे एक मांडले तर लहान मुलालाही अर्थ कळेल. डायलिसिसवर रक्त वाढवायला एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन देतात. त्याबद्दल तो म्हणाला, "मॅडम, हे डोपिंगमध्ये येत नाही ना?" येतं. ते बंदी असलेल्या औषधांच्या यादीत कायम आहे, आणि प्रत्यारोपणानंतर जी प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी लागते तिच्यावरही स्पर्धेच्या काळात बंदी आहे. उपचारासाठी घ्यायची तर वेगळी सूट मागावी लागते. मी मात्र हसून म्हणाले, "तुला कोण पकडायला येतंय?" सर्जनना त्याने विचारलं, टाके आतून किती दिवसांत भरतात. आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं, स्नायू परत यायला किती महिने. प्रत्येकाने आपापल्या खात्याचं उत्तर दिलं.

आणि आई. दात्यावर दबाव नाही ना हे पाहण्यासाठी मुलाखत होते, आमच्याकडे ती चित्रित करतात. किडनी का देताय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पोर माजा पुना मैदानात उतरंल, म्हनून." समितीतले सगळे कौतुकाने हसले. मीही. ते चित्रीकरण आजही आमच्याकडे आहे. दात्याने सगळं समजून-उमजून संमती दिल्याचा पुरावा म्हणून.

कुशीतली जागा

फेब्रुवारी 2022 मध्ये शस्त्रक्रिया झाली. आईची डावी किडनी दुर्बिणीने काढली. ती त्याच्या मूळ किडनीच्या जागी बसवत नाहीत, जुन्या किडन्या सहसा तशाच ठेवतात. नवी बसते ओटीपोटात उजवीकडे, जांघेच्या थोडी वर, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडून. मूळ किडन्यांना मागून स्नायूंचा आणि बरगड्यांचा आधार असतो. या जागी पुढून फक्त कातडी आणि पोटाचा पातळ स्नायू. बारीक माणसाच्या हाताला ती लागते. उजव्या कोपऱ्यावरचा खेळाडू झेपावतो तेव्हा जमिनीवर आदळतो तो भाग हाच, आणि सुटायला धडपडणाऱ्या चढाईपटूचा गुडघा बसतो तोही इथेच.

किडनीने टेबलावरच लघवी सुरू केली. आठव्या दिवशी क्रिएटिनिन 1.2. वॉर्डात पेढे. सगळे म्हणाले, बरा झाला.

सहाव्या आठवड्यात ओपीडीत त्याने विचारलं, मॅटवर कधीपासून? डॉक्टरांनी फाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "कबड्डी? छे. आता कधीच नाही. चाला, सायकल चालवा." अख्ख्या प्रकरणात हे वाक्य पहिल्यांदा त्या दिवशी उच्चारलं गेलं. मी शेजारीच उभी होते. तो "बरं" म्हणाला आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गेला.

पुढचं वर्ष नीट समजायला दोन आकडे लागतात. सप्टेंबर 2022 मध्ये क्रिएटिनिन अचानक 1.9. हात थरथरत होते. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी आम्हाला सहा-आठच्या घरात हवी होती, ती निघाली 19. गोळ्या तर चोख चाललेल्या. बरंच खोदल्यावर आईने सांगितलं: गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या फळं बांधायच्या चौकटीला, टांगलेले पपनस विसर्जनानंतर घरात पडून होते, पोराने आठवडाभर तेच खाल्ले. पपनस हे ग्रेपफ्रूटच्या कुळातलं. ते हे औषध शरीरात मोडू देत नाही, पातळी चढत जाते आणि त्याचा मार पुन्हा किडनीलाच. आमच्या छापील पत्रकात 'ग्रेपफ्रूट टाळा' असं होतं. गुहागरात ग्रेपफ्रूट कुणी पाहिलंय? आता पत्रकात पपनस आहे.

जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिनिन 2.6. मी फोनवर आधी हेच विचारलं की काय खाल्लंस. टॅक्रोलिमसची पातळी आली 2.1. म्हणजे उलटं. गोळ्याच घेतल्या जात नव्हत्या. किडनीचा तुकडा तपासला, शरीराने ती नाकारायला सुरुवात केली होती. तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, रोज 500 मिलिग्रॅम. क्रिएटिनिन उतरलं ते 1.7 पर्यंतच. आधीचं 1.2 परत आलं नाही, येणारही नाही.

पैसे नव्हते म्हणून गोळ्या चुकल्या असतील, हा माझा पहिला अंदाज. महिन्याचे दहा-बारा हजार लागत होते आणि कंपनीने करार केव्हाच संपवला होता. पण डब्यात गोळ्या शिल्लक होत्या. नोव्हेंबरपासूनच्या. नोव्हेंबरात हंगाम सुरू होतो.

त्या खेपेला वॉर्डात संध्याकाळी तो पहिल्यांदा बोलला. सॅकमधल्या बुटांचंही तेव्हाच कळलं. म्हणाला, "डायलिसिसवर होतो तेव्हा मी आजारी खेळाडू होतो. सगळे विचारायचे, कधी येतोस मॅटवर. आता मी बरा आहे ना, आता कुणी विचारत नाही." मग मोबाइल पुढे केला. त्यात साठवून ठेवलेले व्हिडिओ. अलोन्झो मॉर्निंग, अमेरिकेतला बास्केटबॉलपटू, 2003 मध्ये किडनी बदलली आणि 2006 मध्ये मायामीच्या संघातून अजिंक्यपद मिळवलं. इव्हान क्लास्निच, क्रोएशियाचा फुटबॉलपटू. 2007 मध्ये आईची किडनी शरीराने नाकारली, मग वडिलांची घेतली, आणि 2008 च्या युरो स्पर्धेत गोल केला. जोना लोमू, न्यूझीलंडचा रग्बीपटू, 2004 मध्ये प्रत्यारोपण आणि पुढे पुन्हा मैदानावर. हे सगळं त्याने शस्त्रक्रियेच्या आधी, डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास बसून पाहिलं होतं. आम्ही त्याला काहीच सांगितलं नव्हतं, तेव्हा यांनी सांगितलं.

यातलं काही खोटं नाही. पण बास्केटबॉलमध्ये धक्का लागतो, तिथे कुणी पोटावर बसत नाही. रग्बीचं उदाहरण जवळचं, पण लोमूची गोष्ट व्हिडिओत अर्धीच होती. प्रत्यारोपणानंतर तो क्लबांकडून खेळला, राष्ट्रीय संघात परतला नाही. ती किडनी 2011 मध्ये निकामी झाली, पुन्हा डायलिसिस आलं, आणि 2015 मध्ये चाळिसाव्या वर्षी तो गेला. हे मी त्याला त्या संध्याकाळी सांगितलं. ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलं असतं तर गप्पांत खपून गेलं असतं.

आमच्यातला वाद

आमच्या बैठकीत हे प्रकरण मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, आधी सांगितलं असतं आणि त्याने नकार दिला असता तर? पंचविशीतला मुलगा, आई पन्नाशीला टेकलेली. दोन-तीन वर्षं डायलिसिसवर हट्टाने काढली असती तर हृदय गेलं असतं, आईची किडनी हातची गेली असती. हा मुद्दा कच्चा नाही. डायलिसिसवर राहून कबड्डी खेळता आलीच नसती, तेव्हा प्रत्यारोपणाने त्याचं काय हिरावलं, असंही ते म्हणाले.

माझं मत वेगळं आहे आणि ते मी नोंदवहीत लिहिलंय. किडनी निकामी झाली तेव्हा त्याचा खेळ थांबला. तो संपला प्रत्यारोपणाने, ज्याला आम्ही सगळे उपचार म्हणत होतो. त्याने फॉर्मवर सही केली ती खेळ परत मिळवण्यासाठी, आईने केली तीही त्यासाठीच. आधी सांगितलं असतं तर तो चिडला असता, कदाचित महिनाभर गायब झाला असता, पण परत आलाही असता. माझा अंदाज आहे, पुरावा नाही. आणि समजा परत आला नसता, तरी ते ठरवायचा हक्क त्याचा होता. समुपदेशनाच्या चार बैठकांच्या माझ्या नोंदी मी पुन्हा वाचल्या. पैसे, औषधं, पथ्य, संसर्ग, लग्न, मूल, सगळं आहे. भातलावणीत चिखलात उतरू नकोस, लेप्टोचा संसर्ग होईल, हेही आहे. कबड्डी हा शब्द फक्त त्या एका रकान्यात, भूतकाळात.

लग्न आणि मुलाबद्दल आम्ही न विचारता सांगतो, कारण ते आमच्या यादीत आहे. खेळ नव्हता. आता 'व्यवसाय' च्या खाली आणखी एक ओळ छापली आहे: 'बरं झाल्यावर काय करायचं आहे?' ती रुग्णाने स्वतःच्या हाताने भरायची आणि दात्याच्या मुलाखतीत वाचून दाखवायची. गेल्या वर्षी एका खलाशाने तिथे 'पर्ससीनवर परत', म्हणजे मोठ्या जाळ्याच्या मासेमारी बोटीवर, असं लिहिलं आणि दीड तास बोलणं झालं.

सध्या

क्रिएटिनिन 1.6 ते 1.8 मध्ये टिकून आहे. गोळ्या चुकत नाहीत. आईने डबा आपल्या ताब्यात घेतलाय, याला तो वैतागतो. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत किडनीचा आजार नाही, त्यामुळे तो दाखला नाही. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून एका नोकरीचा अर्ज अडकून पडलाय. प्रत्यारोपण झालेल्यांची जागतिक स्पर्धा 1978 पासून भरते, 2023 ला पर्थला झाली. तिथल्या बॅडमिंटनचं मी त्याला सांगून पाहिलं. "डार्ट पण आहे ना त्यात?" म्हणून त्याने विषय तोडला. तो आग्रह मी पुन्हा केला नाही.

आई मुंबईला तपासणीला येते तेव्हा मला काजूगर आणते. तिच्या संमतीबद्दल मी तिची एकदा माफी मागितली. ती म्हणाली, "कायव मॅडम, मी काय तुमाला इचारून दिली काय?" यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मागच्या हंगामात त्याने पंच परीक्षा दिली, आणि तोवर तालुक्याच्या स्पर्धांत गुणलेखक म्हणून बसतो. पहिल्या सामन्यात त्याचं टेबल रेषेला लागून, उजव्या कोपऱ्याजवळ मांडलं होतं. पकडीतून सुटलेला एक चढाईपटू दोघांना घेऊन बाहेर घरंगळला तो थेट टेबलाच्या पायापर्यंत. त्याने वही उचलली, पोटावर आडवी धरली, आणि मध्यंतराला आयोजकांना सांगून टेबल चार पावलं मागे घेतलं.